येळवशीचा गडी

बजरंगच्या बंगल्यात सगळं होतं, फक्त बाप नव्हता.

हमरस्ता रुंद झाला तेव्हा रस्त्याकडेची चार एकर गेली आणि तिच्या पैशात, येरमाळ्यापासून पाच-सहा मैलांवरच्या त्याच्या गावाच्या तोंडाशी, दुमजली बंगला उभा राहिला. घर पाहावं बांधून म्हणतात. बजरंगनं ते बांधून पाहिलं, आणि तेवढ्यानं हौस फिटली नाही म्हणून भरूनही पाहिलं. फ्रीज दोन आले. वरच्या मजल्यावरच्यात पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नसे. सोलापूरहून अंग दाबणारी खुर्ची आली. पहिले आठ दिवस अख्खं गाव तिच्यावर बसून अंग दाबून घेऊन गेलं, नंतर तिच्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग बसला तो आजतागायत उठलेला नाही. घरातल्या घरात चालायचं यंत्र आलं. त्याच्यावर बजरंगची बायको शिवकांता सांडगे वाळत घाले.

बाप बब्रुवान ह्या बंगल्यात अकरा दिवस राहिला. बाराव्या दिवशी उजाडताच त्यानं आपली वाकळ, पितळी तांब्या आणि विळा उचलला आणि तो शेतातल्या पत्र्याच्या छपरात जाऊन राहिला. शहात्तर वर्षांचा म्हातारा, पण पाठीचा कणा सरळ. एक म्हैस, दोन धोतरं, एक बंडी, चुलीला तीन दगड. बजरंग धावतपळत मागं गेला.

"दादा, काय कमी पडलं तुमाला?"

"कमी कशाचं रं? लई झालं," म्हातारा म्हणाला. "तितं म्या बसलो तर कशावर तरी बसतो, उटलो तर कशाला तरी धडकतो. मला एवढं लागत न्हाय."

बजरंगनं शेतात पलंग पाठवला. म्हाताऱ्यानं त्याच्यावर कडबा रचला. खालून वाळवी लागत नाही म्हणाला. नवी धोतरं पाठवली, ती पत्र्याखाली तशीच घडीबंद राहिली. गावाला तेवढंच पाहिजे होतं. पारावर लोक म्हणू लागले, बंगला बांधला अन् बापाला रानात घातला. बजरंगला ते कानोकानी कळे आणि त्याचे कान तापत. खरं सांगायची सोय नव्हती, कारण खरं कुणाला पटलं नसतं. हाताशी सगळं असताना माणूस आपल्या मर्जीनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापतो, ह्यावर कोण विश्वास ठेवील? हळूहळू त्याला गावापेक्षा बापाचाच राग येऊ लागला. बाप रस्त्यानं अनवाणी येताना दिसला की तो गाडीची काच वर करू लागला.

असं चाललं होतं आणि मार्गशीर्षात रणधीरची सोयरीक आली.

रणधीर हा बजरंगचा एकुलता एक. मुलगी परंड्याकडची, हर्षाली नावाची, शिकलेली. तिचे वडील कृष्णराज सोयरीक जुळवणाऱ्याकडून निरोप देते झाले की घर बघायला येतो, आणि सोबत आमची आई येईल. घरात शब्द तिचा चालतो. दिवस निघाला तो नेमका येळवशीचा.

येळवस म्हणजे ह्या मुलखातला रानातला सण. त्या अमावास्येला गावं रिकामी होतात आणि माणसं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत पाच पांडवांचे दगड मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग बांधावरून जो जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. त्या दिवशी कुणी कुणाला आमंत्रण देत नाही.

"पाव्हणे येळवशीला यायलेत तर येळवस त्यायच्या तोलाची झाली पायजे," रणधीर म्हणाला. शेतात मांडव पडला, झालरीचा. खुर्च्यांना कपडे घातले. कळंबहून आचारी आले आणि त्यांच्यासोबत दोनशे माणसांची ताटं, प्लॅस्टिकची, खणाखणाची. गाड्या उभ्या करायला जागा हवी म्हणून कोपऱ्यातली कमरेएवढी ज्वारी आडवी केली. ती ज्वारी बब्रुवानानं पेरलेली होती. तो बांधावर उभा राहून बघत होता. मग आडवी झालेली धाटं गोळा करून त्यानं म्हशीपुढं टाकली.

आदल्या दिवशी बजरंग छपराकडं गेला.

"दादा, उद्या ती नवी धोतरं घाला. फेटा बांधा. पाव्हण्यात बसा."

"आंबील कोन करंल मग?"

"आचारी करत्याल."

"आंबील इकत आनत न्हाईत, बजा." म्हाताऱ्यानं मडक्याला चुना लावायला घेतला. "कोप म्या घालतो. तुजा मांडव तुला."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पाहुण्यांची गाडी आली. कृष्णराज उतरले, बसके, हसतमुख. मागून त्यांची आई अयोध्याबाई, नऊवारीतली, हातात काठी. बजरंगनं पांढरेशुभ्र कडक कपडे घातले होते आणि पायांत नवे बूट. खुर्च्या, सरबत, शेजारी पंखा. थंडीच्या दिवसांत पंखा कशाला, हे कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात समोरच्या बांधावरून म्हातारा आला. गुडघ्यापर्यंत खोचलेलं मळकं धोतर, खांद्यावर फाटलेली बंडी, डोक्यावर चुन्यानं रंगवलेलं आंबिलीचं मडकं. अनवाणी. नव्या धोतरांचा पत्ता नव्हता. मडकं सांभाळत तो मांडवापुढून कोपीकडं निघाला.

कृष्णराज कौतुकानं बघत म्हणाले, "गडी लई जुना दिसतोय तुमचा. असली मानसं ऱ्हायली न्हाईत आता."

बजरंगच्या तोंडाशी शब्द आला होता. पण मांडवात गावातली चार प्रतिष्ठित माणसं बसली होती, पंखा फिरत होता, आणि बापाच्या बंडीच्या भोकातून बापाचं खांद्याचं हाड दिसत होतं. "व्हय," तो म्हणाला. "लई जुना हाय."

म्हातारा दहा पावलांवर होता. त्याचं पाऊल थांबलं नाही. मडकंही हललं नाही.

गावातली माणसं सरबताच्या पेल्यात बघू लागली. त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही, कारण जेवायचं अजून बाकी होतं. बजरंगला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, हसण्यावारी न्यावं. तेवढ्यात अयोध्याबाईंनी विचारलं, "पोराचं आजोबा दिसनात कुटं?"

एक खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं.

"दादा तुळजापूरला गेल्यात. दर्शनाला."

अयोध्याबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "येळवशीला? कर्ता मानूस रान सोडून?"

"नवस हुता," बजरंग म्हणाला. पंख्याखाली त्याला घाम फुटला. येळवशीला मरणाच्या दारातला माणूसही बांधावर आणून टेकवतात, हे ह्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अयोध्याबाई कोपीकडं बघत बसल्या.

कोपीपाशी बब्रुवान एकटाच होता. दरवर्षी शेजारच्या रानातला आयुबभाई पहिली आंबील त्याच्या हातची पिई. चाळीस वर्षांचा रिवाज. यंदा तो आपल्या बांधावरच थांबला होता. झालरीचा मांडव बघून त्याला वाटलं असावं की इथं आता आमंत्रण लागतं. म्हाताऱ्यानं हात करून बोलावलं. आयुबभाईनं लांबूनच हात जोडले.

पूजा झाली. आता आंबील शिंपडायची होती. घरातल्या वडीलधाऱ्यानं हातात आंबिलीचं भांडं घेऊन, लिंबाच्या डहाळीनं चारी बांधांना आंबील शिंपडत पुढं चालायचं, आणि मागच्यानं 'ओलगे ओलगे सालम पोलगे' अशी जुनी आरोळी देत यायचं. पाहुणे बघायला कोपीपाशी आले. रणधीर मोबाईल धरून चित्रण करू लागला.

म्हाताऱ्यानं सवयीनं भांडं उचललं आणि एक पाऊल पुढं टाकलं. मग तो थांबला. पाहुण्यांकडं एकदा, लेकाकडं एकदा बघून तो वळला, आणि दोन्ही हातांनी भांडं बजरंगपुढं धरलं.

"धरा, मालक."

बजरंगला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. बापाच्या तोंडावर राग नव्हता. टोमणा नव्हता. कुणाचं ओझं जड झालेलं दिसलं की आपण हात लावतो, तसा तो लेकाच्या खोट्याला हात लावत होता. बजरंगनं भांडं धरलं. आंबील डचमळून मनगटावर आली.

तो पुढं चालू लागला. शेताची वाट त्याला आठवेना. किती वर्षं तो नुसता गाडीतून बांधापर्यंत येत होता. मागून हळू आवाज आला. "मालक, पायतान."

त्यानं खाली बघितलं. पायांत बूट होते. आंबील घेऊन कुणी बूट घालून रानात फिरत नाही. पाहुण्यांसमोर तो वाकला, एका हातात भांडं, दुसऱ्यानं नाडी सोडू लागला. नाडीला गाठ बसली. बाप खाली बसला आणि त्यानं लेकाच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. जाड, भेगाळलेली बोटं, गाठ सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ बजरंग बापाच्या डोक्यावरच्या विरळ पांढऱ्या केसांकडं बघत उभा राहिला. जमीन दुभंगावी असं म्हणतात ते त्याला त्या वेळी अगदी खरं वाटलं.

मग अनवाणी चालणं. मऊ झालेल्या तळव्यांना ढेकळं टोचत होती, धसकटं रुतत होती. मागून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" आणि मधेच हळूच, "मालक, डावीकडं. मालक, बांधावरनं, हरबरा तुडवू नगा." चारही बांध होईपर्यंत तो शब्द बजरंगनं सात वेळा ऐकला. मोजायचा नव्हता, तरी मोजला गेला.

जेवणावळी उठल्या. बब्रुवान मांडवात आला नाही. कोपीपुढं बसून त्यानं उंडा आणि भज्जी खाल्ली. मांडवातली पनीरची भाजी, तीन गोड पदार्थ, कसल्याशा शेवया लोकांनी सगळं निम्मं ताटातच टाकलं. पाहुणे निघाले तेव्हा कृष्णराज मुद्दाम कोपीकडं गेले. माणूस मनानं चांगला होता, तेच तर वाईट झालं.

"बाबा, किती वर्सं झाली ह्यांच्याकडं?"

"मालकाच्या जन्मापासनं हाय जी," म्हातारा म्हणाला.

कृष्णराजांनी दोनशेची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. बजरंग तिथंच उभा होता. त्याची मान वर होईना.

अयोध्याबाई मागून आल्या. लेक गाडीकडं वळेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी काठी काखेत धरली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, व्याह्यापुढं बाई ओढते तसा, आणि म्हाताऱ्याला वाकून म्हणाल्या, "येते म्या. आंबील गोड झाली."

म्हातारा गडबडून उभा राहिला.

अयोध्याबाई बजरंगकडं वळल्या. आवाज चढला नव्हता. "पोराचं आजोबा तुळजापुरासनं आले म्हंजी एक इचारून ठिवा. लग्नात त्यानला कुटं बसीवनार? ते ठरलं की फोन करा. न्हाय ठरलं तर नगा करू."

गाडी गेली. गावातली प्रतिष्ठित माणसं पान खाऊन गेली. आचाऱ्यांनी पातेली गाडीत चढवली आणि तेही गेले. शेतात उरली ताटं. ज्वारीत, हरभऱ्यात, पाटात, सगळीकडं प्लॅस्टिकची ताटं आणि त्यांत निम्मं अन्न. म्हाताऱ्यानं टोपलं घेतलं आणि तो एकेक ताट उचलू लागला. खरकटं एकीकडं, प्लॅस्टिक एकीकडं. म्हशीनं खाल्लं तर पोटात गोळा होतो.

बजरंगही वाकला. पांढऱ्या कपड्यांवर रस्सा सांडला.

"दादा, म्या चुकलो."

"ते पाटातलं उचल आदी," बाप म्हणाला. "पानी तुंबंल."

त्यानं ते उचललं. दिवस मावळेपर्यंत दोघं उचलत राहिले. घरी जाताना बजरंगनं कोपीत डोकावून बघितलं. पांडवांपुढं, खडा ठेवून दाबलेली, दोनशेची नोट होती.

दुसऱ्या दिवशी शिवकांतानं रणधीरच्या मोबाईलवर ते चित्रण बघितलं. आदल्या दिवशी ती मांडवात बायकांच्या पाहुणचारात गुंतली होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. बघताना तिचे हात थांबले. तिनं ते पुन्हा लावलं.

"मामा तुमाला मालक म्हनलेत," ती सासऱ्याबद्दल म्हणाली.

बजरंग जेवत होता.

"अन् तुमी पुडं गेलाव."

रणधीर खाली मान घालून बसला. शिवकांतानं नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली, पण ती ठेवली नाही, टाकली. त्या दिवसापासून दोन दिवस बंगल्यात फ्रीजची घरघर तेवढी ऐकू येत होती. बजरंग अंग दाबणाऱ्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग बाजूला करून बसला, बटण दाबलं. खुर्ची पाठ चेपू लागली. त्याला बुटाच्या नाडीवरची ती बोटं आठवली आणि तो उठून बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी तो चपला बांधावर काढून रानात गेला. म्हातारा हरभऱ्याला पाणी देत होता, खोऱ्यानं वाफ्याचं एक दारं मोडून दुसरं धरत होता. पलीकडं आयुबभाई आपल्या रानात खुरपत होता.

"दादा, एक इचारतो. लग्नात तुमी कुटं बसताव?"

म्हातारा खोऱ्यावर टेकला. त्यानं खरोखरच विचार केला.

"गडी मानसं बसत्यात तितं बसतो की. मला तितंच बरं वाटतं."

चिडून म्हणाला असता तर बजरंगला सोसलं असतं. बापानं ते लेकाला अडचण नको म्हणून म्हटलं होतं. पुन्हा लेकाच्या ओझ्याला हात लावत होता. बजरंगला उभं राहवेना. तो चार पावलं बाजूला गेला, बांधावर चढला आणि खिशातून फोन काढला. शेतात आवाज नीट मिळत नसे, बांधावर जेमतेम.

पलीकडं अयोध्याबाईंनीच घेतला.

"आक्का, म्या बजरंग बोलायलोय. येळवशीला तुमी ज्यानला बघितलं ते गडी न्हाईत." त्यानं फोन कानाशी दाबला. "ते माजे वडील हायती."

"आँ? काय म्हनलाव?"

"ते गडी न्हाईत, माजे वडील हायती. म्या खोटं बोललो."

"ऐकूच येईना," म्हातारी म्हणाली. खरंच ऐकू येत नव्हतं की कसं, ते तिचं तिला ठाऊक. "मोठ्यानं बोला की. कोन हाय ते?"

बजरंगनं डोळे मिटले आणि सगळा जीव गोळा करून ओरडला. "बाप हाय माजा! बब्रुवान! त्यानला म्या गडी म्हनलो! लगीन हितंच रानात हुईल, त्यायच्या छपरापुडं! मांडव न्हाय, आचारी न्हाय, घरची भज्जी-भाकरी! कन्यादानाच्या पाटाम्होरं ते बसत्याल! चालत असंल तर सांगा!"

आयुबभाईचं खुरपं थांबलं. लांबच्या रानातली दोन माणसं ताठ उभी राहून इकडं बघू लागली. हमरस्त्यावरून चाललेला एक मोटारसायकलवाला वेग कमी करून बघत गेला. बजरंगचं तोंड लालेलाल झालं होतं.

फोनमध्ये थोडा वेळ नुसती खरखर आली. मग अयोध्याबाईंचा आवाज आला, आणि ह्या खेपेला तो स्वच्छ आला.

"आता ऐकू आलं. हर्षालीला इचारते. पोरगी व्हय म्हनली तर आंबिलीचं मडकं म्या घिऊन यीन."

फोन ठेवला गेला. हरभऱ्यात बब्रुवान खोरं धरून उभा होता. पाणी दाऱ्यातून फुटून भलतीकडंच चाललं होतं आणि त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"कुनाला वरडाय लागलास रं एवढं?" त्यानं विचारलं.

बजरंग बांधावरून खाली उतरला. त्याला बापाच्या तोंडाकडं बघवेना. त्यानं बापाच्या हातातलं खोरं घेतलं आणि फुटलेलं दारं बांधायला तो चिखलात उतरला.